गुलाबी पक्ष्याखाली हिरवा रंग

आधी हे दोन कॅनव्हास बघा. दोन्हीवर सेम चित्र आहे, ऐरोलीहून बोटीने ठाण्याच्या खाडीत गेलं की ओहोटीला दिसतात ना, चिखलात माना खाली घालून उभे असलेले रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो. डावीकडचं मी थेट पांढऱ्यावर रंगवलं आणि ते पक्षी प्लास्टिकचे दिसतायत, उजवीकडच्याला आधी अख्खा हिरवट टर्क्वाइज फासला, वाळू दिला, मग त्यावर गुलाबी. गुलाबी तोच, ट्यूबही तीच!

होतं काय, की पांढऱ्यावर कुठलाही रंग गडद वाटतो, म्हणून आपण घाबरून त्यात पांढरा मिसळत जातो आणि पक्षी खडूसारखा होतो. मधल्या टोनवर, म्हणजे फार उजळ नाही नि फार गडद नाही अशा थरावर, हात मोकळा होतो. शिवाय ब्रशच्या फटींतून हिरवा डोकावतो आणि त्याच्या शेजारी गुलाबी पेटतो. शेव्रल नावाचा फ्रेंच केमिस्ट होता, पॅरिसला गोबलॅंच्या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचं काम बघायचा, तिथे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो, त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारचे धागे नडत होते. 1839 मध्ये त्याने यावर अख्खं पुस्तक काढलं. मला तर ही गोष्ट फार आवडते, कारण आपण रंग बदलत बसतो आणि बदलायला हवा असतो शेजार.

खालचा थर ॲक्रेलिकचा, पातळ, आणि पूर्ण वाळलेला हवा. वर ऑइल चालतं, पण ऑइलवर ॲक्रेलिक कधीच नको, ते धरत नाही. ओल्यावर गेलात तर गुलाबी नि हिरवा मिसळून राखाडी होतो, पण तो राखाडी टाकू नका हं, खाडीच्या गाळाला मी तोच वापरते, त्यामुळे पक्षी आणि चिखल एकाच चित्रातले वाटतात.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातला बिबट्या करायचा असेल तर खाली जांभळा, त्याच्या शेजारी पिवळा तसाच पेटतो. पण बिबट्याच्या अंगाला लागणारा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, बऱ्यापैकी झाकणारा रंग आहे, जाड लावलात तर जांभळा गेलाच म्हणून समजा, म्हणून कोरड्या ब्रशने, केसांच्या दिशेने, आणि ठिपक्यांच्या कडेला, पोटाखालच्या सावलीत जांभळा तसाच सोडायचा. भडक रंग बघून टोनकडे दुर्लक्ष होतं, तेव्हा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, त्यात बिबट्या ओळखू आला नाही तर जांभळा कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

आणि प्लीज, थव्यातले सगळे गुलाबी करू नका. तो रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळातून, बारीक जीवांतून, त्यामुळे वयाने लहान पक्षी करडेच असतात. त्यांच्यावर मी करड्याचा एकच पातळ हात देते, खालचा हिरवा दिसू देते. उजवीकडच्या चित्रात असे तीन आहेत, जवळ येऊन शोधा.