उचल: न फिटणारा हिशेब

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना नमस्कार,

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या २०२२च्या अहवालानुसार जगात ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामीत आहेत. पैकी २ कोटी ७६ लाखांकडून सक्तीनं काम करून घेतलं जातं. एवढ्या आकड्यापुढे माणूस सुन्न होतो, म्हणून आज एकच हिशेब मांडतो, तोही आपल्या मातीतला: ऊसतोडीच्या उचलीचा, म्हणजे हंगामाआधी मजुराला मिळणाऱ्या आगाऊ रकमेचा.

बीडसारख्या जिल्ह्यांत पावसाळ्यात हातात पैसा नसतो, तेव्हा मुकादम, म्हणजे तोडणीसाठी मजूर जमवणारा ठेकेदार, उचल देतो. ती पुढे मजुरीतून वळती होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि उसाच्या फडाजवळ कोपी (झोपडी) पडते. चांगला कोयता दिवसाला २ टन ऊस तोडतो. जानेवारी २०२४च्या करारानंतर दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे दोघांचे मिळून दिवसाचे ७३२. उचल १ लाख धरा: ती फिटायला एकही खाडा (सुट्टी) न करता १३७ दिवस लागतात. कारखान्याचं गाळप १०० दिवसांत आटोपलं तर फिटले ७३,२०० आणि २६,८०० अंगावर राहिले. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलं. खाडा झाला की मजुरी बुडतेच, वर दंड बसतो. तो अनेकदा दिवसाला ५०० रुपये किंवा जास्तही असतो. पाळीत, गरोदरपणात, तापातही बायका फडात का उतरतात, याचं उत्तर इथे आहे. पाळीचे खाडे टाळायला काहीजणी गर्भाशयच काढून घेतात, असं सांगितलं जातं. २०१९मध्ये बीडमधल्या पाहणीत ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

प्रत्येक ऊसतोड कामगार वेठबिगार, म्हणजे कर्जापायी बांधलेला मजूर, नसतो. कसोटी साधी आहे: उद्या काम सोडून जायचं म्हटलं तर जाता येतं का? कर्ज दाखवून अडवलं जात असेल, तर १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो. त्या कायद्यानं असं कर्जच रद्द ठरतं. ते वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे.

म्हणूनच कळकळीची विनंती: कुणाची उचल फेडायला पैसे पाठवू नका. कायद्यानं मेलेलं कर्ज आपण जिवंत करतो, आणि मुकादमाला तेवढ्याच रकमेत दुसरं जोडपं मिळतं.

कुणी अडकल्याचं कळलं तर आधी मुकादमाला फोन करू नका. रातोरात टोळी हलवली जाते आणि पुरावा जातो. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. कामगारांची नावं, वयं, मूळ गाव, उचलीची रक्कम आणि तारीख, फडाचं गाव, कुणी कसं अडवलं, सगळं त्यात लिहा. जबाब मुकादमासमोर घेऊ नयेत, असंही स्पष्ट मागा. घोटाळा बहुतेक वेळा पुढे होतो: 'हा पैशांचा वाद आहे' म्हणून प्रकरण मिटवतात आणि माणसांना गाडीत बसवून गावी पाठवतात. वेठबिगारीतून सुटल्याचं सरकारी मुक्ती प्रमाणपत्र हातात नसेल तर पुनर्वसनाची वाटच बंद. ते असेल तर केंद्राच्या योजनेत ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आहे. पुढे पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिगंभीर प्रकरणात ३ लाख रुपये मिळू शकतात.

आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये २०१५च्या कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना गुलामगिरीविरोधी निवेदन दरवर्षी काढावं लागतं. आपल्यातले अनेकजण अशा कंपन्यांत आहेत. भारतातून साखर घेणाऱ्या कंपनीला विचारा: तुमची तपासणी कारखान्याच्या फाटकापाशी थांबते, की मुकादमाच्या वहीपर्यंत जाते? तोडणी कामगार सहसा कारखान्याच्या पटावर नसतात, त्यामुळे फाटकाशी थांबलेल्या तपासणीला ते दिसतच नाहीत.

देणगी द्यायचीच असेल तर या कामगारांच्या मुलांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाला द्या, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्या. टोळी निघाल्यावर आलेले पैसे उशिराचे. तोवर मुलं आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात. पावसाळ्यात बचत गटातून ५-१० हजारांचं कर्ज मिळालं, तरी त्या घराची उचल तेवढी कमी होते. डिसेंबरात गावी जाल तेव्हा हंगाम ऐन भरात असेल. फडावरच्या जोडप्याला वही ठेवायला मदत करा: रोजचं टनेज, खाडे, घेतलेली रक्कम, आणि वजनकाट्याच्या पावतीचा मोबाइलवर फोटो.