माडाचं थोटूक आणि माझी हौस

नमस्कार मंडळी, काय म्हणता? आज परसातल्या एका किरकोळ वाटणाऱ्या भानगडीबद्दल बोलूया. झाड पडलं, ओंडके गेले, पण बुडखा जमिनीत तसाच, त्याचं करायचं काय?

आमच्या रायगडात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा नारळाच्या वाड्यांची काय दशा झाली ते तुम्हाला सांगायला नको. आमचे दोन माड मधूनच मोडले. कापणाऱ्याने कमरेएवढी थोटकं ठेवली आणि गेला, म्हणाला चेन बोथट झाली, आणि ते खरंच आहे, माड बाहेरून दगड नि आत भुसभुशीत.

मग मला आली हौस. एकाचा गाभा कोरला, शेणखत भरलं, झेंडू लावला, फोटो काय भारी आले! पुढच्या वर्षी बघतो तर उरलेल्या माडांच्या नव्या झावळ्या कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या. शेजारचे दादा आले, पहारीने थोटूक उचकटलं, आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या मुरकुंडी करून बसलेल्या. गेंड्या भुंगा, माडाचा कोवळा कोंब कुरतडणारा! त्याला अंडी घालायला कुजकं माडाचं खोड चालतं आणि शेणखतही चालतं, मी दोन्हीची सोय एकाच जागी केली, वर फुलं लावून.

तर माडाचं थोटूक कुजत ठेवू नका. माडाला सोटमूळ नसतं, बोटाएवढी मुळं शेकड्यांनी असतात, त्यामुळे चहूबाजूंनी खणून पहारीने तोडत गेलं की निघतं, आमचं दीड दिवसात निघालं. मग फोडून, उन्हात वाळवून चुलीत.

आंब्याचं वेगळं. त्याचं सोटमूळ खोल, जेसीबी आत येत नसेल तर नाद सोडा, जमिनीलगत कापा, ड्रिलने भोकं पाडा, थोडा युरिया घालून ओलं ठेवा, वर माती, आणि काही वर्षं विसरा. भिंतीलगत असेल तर मात्र वाळवीवर लक्ष ठेवा. सुबाभळीला फुटवे येतच राहतात, दिसला की मोडायचा. आणि डिझेल, ॲसिड, पोतंभर मीठ असलं काही ओतू नका हो, विहीर तिथेच असते आपली. जाळूही नका, मुळांतून आग दिवसेंदिवस धुमसते.

आमचं दुसरं थोटूक विहिरीच्या कठड्याला चिकटलंय, तिथे पहार फिरत नाही. सध्या त्यावर मेटारायझियम या, भुंग्याच्या अळ्या मारणाऱ्या बुरशीचं पाणी शिंपडतो आणि संध्याकाळी छिन्नी घेऊन बसतो, आता गुडघ्याएवढं उरलंय.