काचेमागची सरस्वती

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं हे जुनं घर. ओसरीतल्या मातीच्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत, लक्ष्मी आणि सरस्वती. दोन्ही रविवर्मा प्रेसच्या. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत हा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून एकेक रंग छापत तयार झालेली ही चित्रं पार खेड्यापाड्यांत पोचली.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते, ती मागच्या पुठ्ठ्यात मुरते. स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल कागद पिवळा आणि ठिसूळ करतं. त्यावर तांबूस ठिपके उठतात, कसर लागते. म्हणून फ्रेम बदलायची.

तसबीर मऊ कापडावर उपडी ठेवली आहे. गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, पकडीने एकेक करून निघतात, पुठ्ठा सुटतो. आता थांबायचं. काचेवर तिरपा उजेड पाडायचा. चित्र जिथे काचेला चिकटलंय, तिथे ते ओलं असल्यासारखं गडद दिसतं. लक्ष्मीच्या पदराशी रुपयाएवढा तसाच डाग आहे. हिला ओढायचं नाही. ओढलं तर रंग काचेवर राहील आणि पदर कायमचा जाईल. ती काचेसकट कागद-संवर्धकाकडे जाईल.

सरस्वती मात्र मोकळी निघाली.

"थे पांढरी पट्टी कापून टाका ना भाऊ, फ्रेम लहान होईन," घरच्या आजी म्हणतात.

"नाई माय, प्रेसचं नाव तिथंच छापलं हाय."

कड कापलेली अशी कितीतरी चित्रं दिसतात, आणि दर वेळी जीव हळहळतो.

काच आणि चित्र यांच्यात हवा खेळायला हवी. त्यासाठी आम्लरहित माउंटबोर्डात, म्हणजे चित्राभोवती बसणाऱ्या जाड पुठ्ठ्यात, खिडकी कापली आहे. चित्र मागून सबंध चिकटवायचं नाही. वरच्या कडेला पातळ पण चिवट जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या शुद्ध स्टार्चच्या खळीने लावलेल्या, एवढंच. कुरोड्यांचा चीकही गव्हाचाच, पण तो आंबलेला असतो, इथे चालत नाही. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते. चिकटपट्टीचे डाग जात नाहीत, आणि लॅमिनेशन तर उलटवताच येत नाही. वरून लोंबणारा कागद मे महिन्याच्या झळांत आकसायला आणि श्रावणात फुगायला मोकळा राहतो.

टांगताना ओल येणारी भिंत टाळायची, थेट ऊन आणि चुलीचा धूरही. फ्रेमच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि तसबीर यांच्यात बोटभर फट राहते.