गर्भाची पहिली शिदोरी

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आमच्या घरची कोंबडी खुडूक बसली, की आजी पाच-सहा दिवसांनी रात्री एकेक अंडे उचलून कंदिलाच्या काचेसमोर धरत असे. कवचातून तांबूस उजेड फाकला आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले, तर ते अंडे परत कोंबडीखाली जाई. नुसते पिवळट दिसले, तर बाजूला काढले जाई. पुढे गर्भविकासाचा अभ्यास हाच माझा व्यवसाय झाला, तेव्हा कळले की आजी पाहत होती ते फार उशिराचे होते. कवच चढण्यासाठी अंडे कोंबडीच्या पोटात वीसेक तास थांबते आणि गर्भाची पहिली विभाजने त्याच काळात उरकतात. अंडे घातले जाते तेव्हा आतला गर्भ हजारो पेशींचा झालेला असतो. मला ज्या पहिल्या काही तासांविषयी बोलायचे आहे, ते कोंबडी कुणाला पाहू देत नाही.

म्हणून मी झेब्राफिशकडे वळलो. हा दीड इंची, निळसर पट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातले ओढे, भातशेतांतले पाणी हे त्याचे घर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. प्रयोगशाळेत त्याला मानाचे स्थान मिळाले ते मात्र अमेरिकेत, ऑरेगन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या कामामुळे, आणि मग तो आपल्याकडे पाहुण्यासारखा परत आला. त्याची अंडी शरीराबाहेर फळतात, त्यांचा व्यास जेमतेम ०.७ मिलिमीटर असतो आणि ती काचेसारखी पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पिवळ्या बलकाच्या गोळ्यावर एक स्वच्छ टोपी चढलेली दिसते. ती टोपी म्हणजे पहिली पेशी. पाऊण तासाच्या सुमारास तिच्या मधोमध एक चीर उमटते आणि एकाच्या दोन पेशी होतात. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी चार, आठ, सोळा, असे ते चालूच राहते.

हे मासे उजेड पडल्यावर अंडी घालतात. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एकाच टाकीत, पण मधे पट्टी घालून ठेवायचे आणि सकाळी दिवा लागला की पट्टी काढायची, असा आमचा नेम आहे. गर्भात सुईने काही सोडायचे असेल, तर ते पहिली चीर उमटण्यापूर्वी सोडणे इष्ट, त्यामुळे हाताशी पाऊण तासही नसतो. युरोपातील एका प्रयोगशाळेत असताना ऑक्टोबरच्या अखेरीस मी अशी जोडपी घाईत पट्टी न घालताच ठेवून दिली. त्या रात्री तिथल्या रिवाजाप्रमाणे साऱ्या देशाची घड्याळे एक तास मागे गेली. माशांच्या खोलीतल्या दिव्याच्या टायमरला मात्र ते कुणी सांगितले नव्हते. मी वेळेवर पोहोचलो, तोवर टाकीच्या तळाशी आठ-आठ पेशींचे गर्भ जमले होते. महिनाभर तयार केलेले द्रावण तसेच फ्रीजरमध्ये परत गेले. गोव्यात पोदेराचा भोंगा चुकला तर पावाविना चहा घ्यावा लागतो. तिथे माझा आठवडा गेला.

आता मुख्य मुद्दा. पहिले तीन तास हा गर्भ जवळजवळ सर्वस्वी आईच्या शिदोरीवर चालतो. शिदोरी म्हणजे केवळ बलकातले अन्न नव्हे. कोणती प्रथिने बनवायची याचे निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए, आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेले असतात. गर्भाची स्वतःची जनुके हजर असतात, पण बहुतेक गप्प असतात. हे कळते कसे, तर एका विषाच्या साहाय्याने. अमॅनिटा जातीच्या काही जीवघेण्या भूछत्रांमध्ये आल्फा-अमॅनिटिन नावाचे द्रव्य असते (आपण पावसात वारुळावरची अळमी आवडीने खातो, ती निराळी), आणि जनुकांवरून निरोप उतरवून घेणारी यंत्रणा ते बंद पाडते. हे विष गर्भात सोडले, तरी गर्भ बिनघोर विभागत राहतो. एक हजार पेशींच्या आसपास पोहोचेपर्यंत त्याला काही झाले आहे असे वाटतच नाही. पण पेशींनी थर करून आत वळण्याची, पाठ-पोट ठरवण्याची वेळ आली, की तो थबकतो आणि पुढे जात नाही. शिदोरी तिथवरच पुरणारी असते.

मग गर्भाला कसे कळते की आता आपले आपण पाहायचे? न्यूपोर्ट आणि कर्शनर यांनी १९८२ साली बेडकाच्या गर्भावर केलेल्या कामातून जे उत्तर पुढे आले, ते मला पंगतीच्या भाषेत सांगावेसे वाटते. तूप तेवढेच आहे आणि पाने मात्र दर फेरीला दुप्पट मांडली जात आहेत. अंड्यातले द्रव्य वाढत नाही, पण केंद्रके दुपटीने वाढतात. जनुकांना दाबून ठेवणारे घटक, ज्यांत हिस्टोन प्रथिनेही येतात, वाटून वाटून तोकडे पडतात आणि जनुके बोलू लागतात. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे मत आहे. नुसता दाब सुटून भागत नाही. जनुकांची दारे उघडणारी काही प्रथिनेही आईनेच पाठवलेली असतात. शिवाय जागी झालेली पहिली जनुके ज्या गोष्टी बनवतात, त्यांत आईचे निरोप पुसून टाकणारा एक चिमुकला आरएनए असतो. उंदरात ही जाग दोन पेशींच्या अवस्थेत येते, माणसात चार ते आठ पेशींच्या.

या शिदोरीचा अभ्यास करणाऱ्याला घाई करून चालत नाही. एखादे जनुक शिदोरीपुरतेच महत्त्वाचे असेल आणि ते बिघडवले, तर तो बिघाड असलेली मादी स्वतः धडधाकट वाढते, कारण तिच्या आईकडे ते जनुक शाबूत होते आणि तिने डबा भरून दिला होता. दोष दिसतो तो या मादीच्या अंड्यांत, आणि नर कितीही निर्दोष असला तरी ती सगळी अंडी वाया जातात. म्हणजे आज बदललेल्या जनुकाचे उत्तर मिळायला दोन-तीन पिढ्या थांबावे लागते, आणि माशाची एक पिढी तीन महिन्यांची. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अशा सतरा माद्या सध्या दोन महिन्यांच्या आहेत. त्यांची पहिली अंडी मिळायला अजून महिना जाईल, आणि तोवर ती रोज सकाळी त्यांना खाद्य घालून पाण्याचे तापमान वहीत लिहून ठेवते.