किल्मार्नॉकच्या अर्लची टोपी

१६ एप्रिल १७४६. ब्रिटिश सरकारची फौज आणि गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याला ती परत मिळवून देऊ पाहणारे बंडखोर यांच्यातली, स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावरची लढाई तासाभरातच निकाली निघाली. गोंधळात समोरचे घोडेस्वार आपलेच आहेत असे समजून बंडखोरांचा एक उमराव त्यांच्याकडे गेला आणि आयताच सरकारी फौजेच्या हाती सापडला. त्याला बोडक्या डोक्याने सैन्याच्या रांगांपुढून नेले जात असताना एक तरुण अधिकारी पुढे आला, त्याने स्वतःची टोपी काढून कैद्याच्या डोक्यावर ठेवली आणि तो निमूटपणे परत जागेवर गेला, अशी आठवण सांगितली जाते. तो अधिकारी या कैद्याचा थोरला मुलगा होता.

कैदी म्हणजे विल्यम बॉइड, किल्मार्नॉकचा चौथा अर्ल. पाथरवटांच्या जुन्या संघांतून उभ्या राहिलेल्या फ्रीमेसन मंडळींची स्कॉटलंडमधली ग्रँड लॉज १७३६ मध्ये एडिंबरात स्थापन झाली आणि १७४२ मध्ये तिचे सर्वोच्च पद, ग्रँड मास्टरचे, त्याच्याकडे आले. मान मोठा होता, पण घरात कर्ज होते आणि वडिलोपार्जित डीन कॅसल १७३५ मध्येच आगीत जळाला होता. त्याचे वडील स्टुअर्टांसाठी झालेल्या १७१५ च्या बंडात सरकारच्या बाजूने उभे राहिले होते, तर सासऱ्यांनी त्याच बंडापायी जहागीर गमावली होती. म्हणूनच १७४५ मध्ये तो नव्या बंडाचा पुढारी राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट याला मिळाला तो निष्ठेपेक्षा ओढगस्तीमुळे, असे म्हणायला जागा आहे. पत्नी अ‍ॅन मात्र मनापासून स्टुअर्टांची. फॉलकर्कच्या लढाईच्या दिवशी सरकारी सेनापती हॉली कॅलेंडर हाउसमध्ये तिच्याकडेच जेवायला बसला होता आणि बंडखोर टेकडी चढून आले तेव्हा तो आपल्या सैन्यापाशी नव्हता.

वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या खटल्यात किल्मार्नॉकने गुन्हा कबूल करून दयेची याचना केली. त्याच्यासोबत खटला चाललेला बंडखोर अर्ल क्रोमार्टी याला जीवदान मिळाले, त्याला मिळाले नाही. १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनमधल्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला; आपले शिर उचलून लोकांना दाखवू नये एवढी त्याची विनंती मान्य झाली आणि ते लाल कापडात झेलण्यात आले.

अर्लपद जप्त झाले. टोपी देणारा तो थोरला मुलगा जेम्स मात्र १७५१ मध्ये वडिलांच्याच जागी ग्रँड मास्टर झाला आणि पुढे नात्यातून एरॉलचा अर्लही. १७६१ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला तो हजर होता. राजा आत आला तेव्हा टोपी काढायचे तो विसरला. त्याने ओशाळून माफी मागितली. टोपी डोक्यावर तशीच राहू दे, असे राजाने त्याला आग्रहाने सांगितले.