'जेन'ची कार्डं

[दृश्य: टेबलावर पसरलेली कार्डं]

तीन बाय पाच इंचाचं साधं कार्ड. नाव, फोन, वय, शेवटची पाळी कधी आली, आधीची बाळंतपणं किती, पैसे किती जमतील. १९६९ ते १९७३, शिकागोतली 'जेन' ही बायकांना गर्भपात करवून देणारी बायकांचीच गुप्त संघटना या कार्डांवर चालली. इलिनॉय राज्यात गर्भपात तेव्हा गुन्हा होता.

जेन नावाची बाई कुणीच नव्हती. १९६५ मध्ये हेदर बूथ या विद्यार्थिनीने एका मित्राच्या बहिणीच्या गर्भपातासाठी डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांना गाठलं, आणि मग फोन थांबेचनात.

[दृश्य: आन्सरिंग मशीन]

निरोप मशीनवर यायचे, उलट फोन करणारी वेगळी, तारखा लावणारी वेगळी. बैठकीत कार्डं हातोहात फिरत, जिला जमेल ती त्यातलं उचलायची. दिवस जास्त गेलेले, पोरगी अगदीच लहान, असली कार्डं मात्र शेवटपर्यंत फिरत राहत.

[दृश्य: दोन इमारती, मधला रस्ता]

पत्ते दोन. 'फ्रंट'वर बाई यायची. सोबत नवरा, आई, पोरंसुद्धा. तिथून गाडीने बायकांना 'प्लेस'वर, म्हणजे गर्भपात व्हायचा तिथे, न्यायचं. सोबतच्यांनी फ्रंटवरच थांबायचं. प्लेसचा पत्ता जितक्या कमी जणांना ठाऊक, तितकं बरं. फ्लॅट ओळखीपाळखीतून मागून घेतलेले, म्हणून सारखे बदलायचे. निघताना हातात दोन औषधं: पिशवी आकसून रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून एर्गोट्रेट, संसर्ग होऊ नये म्हणून टेट्रासायक्लिन. नंतरही विचारपूस व्हायची: ताप आहे का, अंगावरून फार जातंय का?

गर्भपात करणाऱ्या ज्या माणसाला सगळ्या डॉक्टर समजत होत्या तो डॉक्टर नव्हताच, हे उघडकीस आलं. काही जणी सोडून गेल्या. उरलेल्या स्वतः शिकल्या, आणि पाचशे-सहाशे डॉलरचं काम शंभरात, कधी त्याहून कमीत होऊ लागलं. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये परवानगी होती, पण ती विमानाचं भाडं परवडणाऱ्यांना. जेनकडे उरल्या त्या बहुतेक शिकागोच्या साउथ साइड भागातल्या गरीब कृष्णवर्णीय बायका.

[दृश्य: पोलीस व्हॅन]

३ मे १९७२. भारतात गर्भपाताला सशर्त मुभा देणारा एमटीपी कायदा लागू होऊन जेमतेम महिना झालेला. पोलीस आत शिरले आणि पुरुष डॉक्टर शोधत बसले! सात जणींना अटक झाली. व्हॅनमध्ये त्यांनी पर्समधली कार्डं काढली, नाव-पत्त्याचे तुकडे फाडले आणि चावून गिळले.

२२ जानेवारी १९७३ ला 'रो विरुद्ध वेड'चा निकाल लागला, अमेरिकाभर गर्भपाताचा हक्क मिळाला, या सात जणींवरचा खटला बारगळला, जेन बंद झाली. तोवर अंदाजे ११ हजार गर्भपात झाले होते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. इलिनॉयमध्ये गर्भपात कायदेशीर राहिला, आणि बंदी आलेल्या राज्यांतल्या बायका आता तिथे येतात.