गाडी कचरा नेते, परत काय आणते?

मंडळी, आपल्या घरातली वाकळ आठवा. आईची विरलेली लुगडी, वडिलांची धोतरं एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवलेली. ती फाटली की तिचं पोतेरं व्हायचं, आणि तेही झिजलं की उकिरड्यात जायचं. उकिरडा पाडव्यानंतर गाडीत भरून शेतात. आज ज्याला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात, ती आपल्या घरात अशी नांदत होती.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ती अजून आहे. भंगार भट्टीत वितळतं आणि कास्टिंग होऊन बाहेर पडतं. भंगाराला भाव आहे, म्हणून ते रस्त्यावर पडून राहत नाही. भाजीच्या देठांना भाव नाही, आणि शहराच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास हा ओला कचराच असतो. तो प्लास्टिकमध्ये मिसळून गाडीत पडतो आणि तुरमुरीच्या कचरा डेपोच्या वाटेला लागतो. ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. मग तो कुजत नाही, सडतो. मिथेन तयार होतो, काळं पाणी झिरपतं, उन्हाळ्यात आगी लागतात.

मी एकदा एका स्थानिक संस्थेकडून कचऱ्याचं खत घेतलं होतं. वांग्याच्या वाफ्यात मूठभर टाकलं आणि हाताला चुरचुरलं. मूठ उघडली, तर काचेचे कण, शाम्पूच्या पुडीचा तुकडा, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. शेजारचा शेतकरी म्हणाला, “हे फुकट दिलं तरी माझ्या रानात नको.” त्याचं चुकलं नव्हतं. खताचा भरवसा गेला की सगळं चक्र तिथंच तुटतं. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा ठेवायचा, हा नियम 2016 सालीच आला. पण गाडीत सगळं एकत्रच ओतलं, तर वेगळं ठेवणाऱ्या बाईनं तरी का ठेवावं?

आता आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, सगळा उसाचा मुलूख. तोड झाली की पाचट पेटवतात. खत चांगलं व्हायला नत्राच्या एका भागामागं कर्बाचे तीसेक भाग लागतात. बाजारातला भाजीपाला ओला, नत्राचा. पाचट कोरडं, कर्बाचं. नुसता भाजीपाला रचला तर चिखल होतो नि वास सुटतो. पाचटाचे थर घातले, अधूनमधून खालीवर केलं की दोन-तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत! एकाचा कचरा गावात सडतोय, दुसऱ्याचा रानात जळतोय, आणि दोघांमध्ये पाच-सात मैलांचं अंतर. हे बघून माझा जीव तुटतो.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. ठेकेदाराचं बिल नुसत्या उचललेल्या टनांवर काढू नका. तसं केलं तर गाडी जड होण्यातच त्याचा फायदा. चाळलेलं, निवडलेलं खत किती पोती शेतावर उतरलं, त्यावरही पैसे द्या. निवडण्याचं काम करणाऱ्या पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार बायांना हातमोजे आणि वेळेवर पगार द्या. कारण काच आधी त्यांच्या हाताला लागते, माझ्या वांग्याला नंतर.

पुढच्या ग्रामसभेत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना विचारा: गेल्या वर्षी आपल्या गावातून खताची किती पोती निघाली, आणि ती कुणाच्या रानात गेली?